सवाल यंदा, जबाब पुढल्या साली

१

"फौजदारभाऊ, माझा बांध चोरीला गेला!"

छबूबाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मी खाली गोधडीवर बसून दाढी खाजवत होतो. पोलीस खात्यात होतो तोवर रोज गुळगुळीत दाढी केलेला माणूस मी, पण रिटायर होऊन नाथवाडीला परतलो आणि गावाच्या नेमात अडकलो. माघी पुनवेपासून होळीपर्यंत आमच्याकडे नेम असतो. घरात तळण नाही, दाढीला वस्तरा नाही, बाजेवर झोपणं नाही. गावातल्या सगळ्या बाजा भिंतीला उभ्या आणि आम्ही सगळे जमिनीवर. माझे गुडघे काय म्हणतात ते माझं मला माहीत.

"बांध कसा चोरीला जाईल, बाई? नीट सांग."

"पिच्चरच्या खोलीचा कोयंडा उपटलाय. डबे नेले. ज्यात पुंजाराम बोलला, तेच डबे. आता तो म्हनल, म्या बोललोच न्हाई."

हे ऐकून मात्र मी उठलो. नेमातली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नेम चालू असताना नाथाच्या देवळाच्या पायरीवर उभं राहून बोललेला शब्द नाथवाडीत मागं घेता येत नाही. भाऊबंदकीची कितीतरी भांडणं गावानं त्या पायरीवर मिटवली. म्हणूनच छबूबाईचा दीर पुंजाराम नेम लागला की देवळाकडं फिरकायचा नाही, आपल्या वस्तीवर जाऊन राहायचा.

छबूबाईचा नवरा गेला तेव्हापासून ती एकटी कोयता घेऊन श्रीरामपूरकडं ऊस तोडायला जायची. यंदा पाय मोडला म्हणून गावात राहिली. ती दर साली तिकडं गेली की इकडं पुंजाराम नांगर धरून तिचा बांध कोरायचा, यंदा थोडा, पुढल्या साली आणखी थोडा. आता तिच्या वावरात बैलगाडी वळेना. मोजणीसाठी खेटे घालून बाईच्या वहाणा झिजल्या, हाती काही लागलं नाही.

श्रीरामपूरच्या मिशन शाळेतल्या पुष्पावतीबाई ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, पोरांना शिकवायला यायच्या. त्यांनी छबूबाईची हकिकत ऐकून कादंबरी लिहिली, 'लंकाचा बांध'. फरक एवढाच की कादंबरीतल्या लंकाला बांध परत मिळतो. ती भर सभेत गावाला सवाल करते आणि गाव जबाब देतं. आता त्याच कादंबरीवर पिक्चर निघत होता आणि त्याचं शूटिंग आमच्याच देवळासमोर झालं होतं.

"पुंजाराम पिक्चरमध्ये बोलला?" मी विचारलं. नेमाच्या दिवसांत मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला लेकीकडं होतो, परवाच परतलो. मधलं काही मला ठाऊक नव्हतं.

"व्हय! मशिनीपुढं मिरवायची लई हौस. पंचाचं काम मागून घेतलं. लंकाचं नाव घ्यायचं सोडून त्याच्या तोंडातून माझंच नाव निघालं. 'बांध छबूचाच हाय, कोरनाऱ्यानं परत करावा.' पायरीवर हुता, भाऊ. नेमात हुता. म्या तिथं पान्याची घागर घेऊन उभी हुते."

"मग गावानं ऐकलंच असेल की."

"समद्यांनी ऐकलं. आता इचारा, कुनाला आठवतंय का बघा."

मी वाटेत तिघाचौघांना विचारलं. एकाला ऐकू कमी येत होतं, दुसऱ्याला म्हैस पाजायची घाई होती. पुंजारामच्या विहिरीवर अर्ध्या गावाचं पाणी चालतं, त्यामुळं आठवण कुणालाच नव्हती.

२

पिक्चरवाल्यांचं सामान शाळेच्या मागच्या खोल्यांमध्ये होतं. काम संपल्यामुळं बाकीची मंडळी मुंबईला गेली होती. राहिले होते डायरेक्टर जी. नाथ. नावावर जाऊ नका, हा मूळचा तिसगावचा गोरक्षनाथ. लहानपणीच बापाबरोबर मुंबईला गेला आणि तिकडं जी. नाथ झाला. आदल्या दिवशी निर्माते राधाकृष्णशेठ आणि पुष्पावतीबाईही श्रीरामपूरहून आले होते, तेही भांडायला.

मी पोचलो तेव्हाही भांडण चालूच होतं.

"शेठ, अहो कादंबरी एक, तर पिक्चर एक!" पुष्पावतीबाई पदर खोचून उभ्या होत्या. "लंका सवाल करते आणि तिथंच तुम्ही पडदा पाडणार? लोकांनी काय, वर्षभर जबाबाची वाट बघायची?"

"तीच तर गंमत आहे, बाई!" शेठ श्रीरामपूरचे कापसाचे व्यापारी, माणूस गोड बोलणारा. "पहिला पिक्चर सवालापर्यंत. पुढल्या साली दुसरा, जबाबाचा. लोक दोनदा येतील, दोनदा रडतील. आणि आता तर जबाबाचे डबेच गेले. नाथाच्याच मनात दोन पिक्चर आहेत म्हणायचं!"

"नाथाच्या मनात, की तुमच्या?" बाईंनी विचारलं.

शेठ लालबुंद झाले. जी. नाथ मधे पडला. "शेठ, मी बाईंना शब्द दिलाय. माझ्या पिक्चरचे तुकडे मी होऊ देणार नाही. मरेन, पण एकच पिक्चर करीन!"

आवाज एवढा, की बाहेरची शेळी दचकून उठली.

मी खोली पाहिली. कोयंडा पहारीनं उपटलेला. आत डब्यांची चवड. शेठ काटकसरी, सगळी रिळं एकाच खेपेत मुंबईला धुवायला न्यायची म्हणून डबे इथंच साठवलेले. प्रत्येकावर इंग्रजी आकडे आणि खुणा. इतक्या डब्यांतून चोरानं दोनच उचलले होते, सभेतल्या जबाबाचे. सोबत त्याच वेळची आवाजाची टेप.

"इतक्यातून नेमके तेच दोन डबे त्याला सापडले कसे?" मी विचारलं.

जी. नाथनं हात वर केले. "मला काय माहीत? पण आता ती रिळं मिळाली तरी उपयोग नाही, फौजदार. न धुतलेलं रीळ आहे. डबा उघडला, जरा उजेड लागला, की संपलं. आम्ही स्वतः डबा काळ्या पिशवीत घालतो, बाहेरून बाह्यांतून हात घालून उघडतो."

"कुठंय ती पिशवी?"

"तीही गेली," तो म्हणाला आणि कपाळ पुसायला लागला.

खोलीतल्या भिंतीवर खिळ्यांना फोटो टांगलेले होते. मधले काही खिळे रिकामे. मी तिकडं बघतोय असं पाहून शेठनी खिशातून एक फोटो काढून माझ्यापुढं नाचवला.

"हा एक मी कालच नगरच्या स्टुडिओतून परस्पर घेतला, म्हणून वाचला. पोस्टरला घालणार आहे. जबाबाचा सीन. बघा, काय झोकात आलाय!"

फोटोत पायरीवर पुंजाराम, हात उंचावलेला, तोंड उघडं. हिरॉईन बिचारी कोपऱ्यात. आज दिसतो तसाच पुंजाराम, जसाच्या तसा. त्यात नवल वाटण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी अकलेचं कुठं झालं होतं!

३

पुंजाराम वस्तीवर कडबा रचत होता. मला बघून त्यानं रामराम केला, पण हात थांबवला नाही.

"डबे म्या नेले, आसंच म्हनाया आलाय ना?"

"तू म्हणतोस म्हणून विचारतो. नेलेस का?"

"मला काय गरज? बोललो आसंल बी मी. ऐन येळंला जिभंवर आपल्या घरचं नाव येतं. त्यात काय!" मग तो जवळ आला आणि हसला. "पर कवा बोललो, ते इचारा की. नेम बसायच्या आधी. सभा समदी एकाच दुपारी घेतली, नेमाच्या आधी. त्या जी. नाथला इचारा, त्यो तर माझा कुनी लागत न्हाई."

मी तडक परतलो आणि जी. नाथला गाठलं. पुंजारामचं नावही न काढता विचारलं, "सभा कधी घेतली?"

"नेमाच्या आधी," तो लगेच म्हणाला. "सवाल-जबाब सगळं एकाच दुपारी. सीनच एका दुपारचा आहे ना!"

शेठना विचारलं तर ते म्हणाले, "कोणता सीन कोणत्या दिवशी, मला काय ठाऊक? मी पैसे देणारा." पुष्पावतीबाई शूटिंगला आल्याच नव्हत्या, त्यांची शाळा चालू होती.

जी. नाथ आणि पुंजाराम, एकमेकांशी ज्यांचं देणंघेणं नाही, अशी दोन माणसं एकच गोष्ट सांगत होती. पोलीस खात्यात आम्ही याला पक्का पुरावा म्हणतो. मग एकच अर्थ उरत होता. नेमात बोलला, हे छबूबाई खोटं सांगत होती.

मला तिचा रागच आला. वर्षानुवर्षं सोसलं म्हणून माणसानं नाथाच्या नावावर खोटं बोलायचं?

४

छबूबाई दारात तूर पाखडत होती. मी उभ्यानंच तिला झाडलं. "बाई, दोघं सांगतात सभा नेमाआधी झाली. मला कशाला हेलपाटे घालायला लावतेस?"

तिनं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे भरले, पण रडली नाही. आत गेली आणि एक फोटो घेऊन आली. हिरॉईननं जाताना तिला आठवण म्हणून दिला होता. लंका पदर पसरून पायरीसमोर उभी आहे आणि गाव गप्प बसलंय.

"हा सवालाचा. ह्यात तुमी बी हाय. बगा, किती तरने दिसताय."

मी निरखून पाहिलं. मागच्या रांगेत मी बसलो होतो खरा, नगरची एसटी गाठायला मधूनच उठून गेलो त्या दुपारचा. आणि तरणा दिसत होतो, कारण हनुवटी गुळगुळीत होती. माझीच नव्हे, सगळ्या गावाची. पंचांमध्ये बसलेल्या पुंजारामचीसुद्धा.

"सवाल घेतला आन ती बाई दुसऱ्या पिच्चरला मुंबईला गेली," छबूबाई सांगत होती. "ती आली तवा नेम निम्मा सरला हुता. मग जबाब घेतला. म्या तेच तर सांगून ऱ्हायले, भाऊ! पर बाईमानसाचं ऐकतो कोन?"

माझा हात आपोआप दाढीवर गेला आणि मी थांबलो. शेठच्या फोटोतला पुंजाराम आज दिसतो तसाच होता.

"छबू," मी म्हणालो, "मी गाढव आहे. हा फोटो मला दे आणि पायरीवर चल. येताना सगळ्या गावाला हाक मार."

५

उन्हं कलायच्या आत देवळासमोर गाव गोळा झालं. शेठ, पुष्पावतीबाई, जी. नाथ आले. पुंजाराम मात्र पायरीपासून लांब, पिंपळाखाली उभा राहिला.

"आधी डब्यांचं बोलू," मी सुरुवात केली. "संशय पुंजारामवर जातो. पण ज्याला रिळं नासवायची, त्यानं तिथंच झाकण उघडलं असतं तरी काम झालं असतं. काळी पिशवी त्याला कशाला? ज्यानं पिशवी नेली त्याला रीळ जपायचं होतं. आणि त्या आकड्यांवरून नेमका डबा ओळखता येणाराच तो होता."

"म्हणजे मी?" शेठ ओरडले.

"तुम्हाला तो जबाब दुसऱ्या पिक्चरला लागणारच होता, शेठ. तो चोरून तुम्ही स्वतःचंच काम वाढवलं असतं. बरं, चोर तुम्ही असता तर तोच फोटो माझ्यापुढं नाचवला नसता. आणि बाईंना तर जबाब हवाच होता, त्यासाठीच त्या भांडत होत्या."

शेठकडून त्यांचा फोटो मागून घेऊन मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. पुष्पावतीबाई पुढं आल्या, पाहिलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"सीन एका दुपारचा आहे," मी म्हणालो. "तीच लंका, तेच लुगडं, तेच गाव. ती सवाल करते तेव्हा गावाच्या दाढ्या केलेल्या. आणि त्याच दुपारी गाव जबाब देतं तेव्हा प्रत्येकाच्या तोंडावर जंगल! हे एका पिक्चरमध्ये कसं जोडणार, जी. नाथ?"

जी. नाथनं मान खाली घातली.

"जोडता येत नव्हतं," मीच पुढं म्हणालो. "पण दोन पिक्चर झाले तर? पहिल्यात सवाल. वर्षानं दुसऱ्यात जबाब, नव्यानं घेतलेला, नेम नसताना, स्वच्छ दाढ्या करून. कुणाला काही कळलं नसतं. 'एकच पिक्चर' म्हणून सगळ्यात मोठ्यांदा ओरडणाऱ्यालाच दोन पिक्चर हवे होते. म्हणून तू सभा नेमाआधी एका दुपारी झाली असं सांगितलंस. नेमकं तेच पुंजारामलाही सोयीचं होतं. दोघं आपापल्या कारणानं एकच खोटं बोललात आणि मी या बाईला खोटं ठरवून आलो."

"गोरक्ष?" पुष्पावतीबाई त्याच्याकडं वळल्या. "अरे, तुझ्या शब्दावर मी कादंबरी दिली. मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार होतो, बाई?" तो एकदम रडवेला झाला. "मुंबईचा माणूस नेम विसरला तर लोक हसून सोडतील. मी या मातीतला! माझी आजी महिनाभर मला जमिनीवर झोपवायची. आणि मीच शूटिंगच्या तारखा नेमात दिल्या. फोटो धुऊन आले तेव्हा कळलं. लाज वाटली हो, दुसरं काही नाही."

"डबे?"

"रीळ जाळायचा धीर झाला नाही." तो आपल्या खोलीत गेला आणि रांजणामागून ओलं पोतं ओढून घेऊन आला. आत काळी पिशवी, पिशवीत डबे, टेप आणि खिळ्यांवरून काढलेले जबाबाचे फोटो. आणायला मी सोबत गेलो होतो. त्याची बाज चांगली आडवी पसरलेली होती. नेम पार विसरला होता बिचारा.

६

टेपचं मशीन पायरीवर ठेवून त्यानं टेप लावली. आधी खरखर, मग कोंबडं आरवलं, मग पुंजारामचा आवाज गावावरून घुमला. "बांध छबूचाच हाय! कोरनाऱ्यानं परत करावा!" पाठोपाठ जी. नाथचा आवाज, "कट! लंका म्हणा, लंका!"

कुणीतरी फिसकन हसलं. ज्याला सकाळी ऐकू कमी येत होतं तोही कान देऊन ऐकत होता.

"बोललो की!" पुंजाराम पिंपळाखालून गरजला. "नाटकात बोललो! आन तेबी नेमाच्या आधी!"

मी शेठचा फोटो घेतला आणि चालत जाऊन त्याच्यापुढं धरला. पुंजारामनं पाहिलं. पायरी ओळखता येत होती, त्याचं उघडं तोंडही, आणि दाढीही. फोटो हातोहात गावात फिरला. ज्याच्याकडं जाईल तो आधी फोटो पाही, मग पुंजारामकडं पाही.

"नाटकातलं बोलनं हुतं," पुंजाराम पुन्हा म्हणाला, पण आवाज बसला होता.

मागून रंगुबाई पुढं आली, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. "तोंड कुनाचं हुतं रं, पुंजा? तुजंच ना? नाथाला नाटक न्हाई कळत." मग ती गावाकडं वळली. "आन तुमी? इहिरीच्या पान्यापायी मुके झाले हुते व्हय? मलाबी आठवत हुतं, मीबी गप ऱ्हायले. थू आपल्यावर!"

शेठनी घसा साफ केला. त्यांच्यातला व्यापारी हार मानणाऱ्यातला नव्हता. "हे बघा, अजूनही सांगतो. सवालावर एक पिक्चर..."

"शेठ," छबूबाई म्हणाली, "पिच्चर दोन करा न्हाईतर चार करा. माझा बांध एकच हाय."

जी. नाथ डबे पोटाशी धरून उभा होता. पुष्पावतीबाईंनी दोन्ही फोटो पुन्हा शेजारी धरले आणि त्या म्हणाल्या, "गोरक्ष, एका दुपारचा सीन मी लिहिला, तेच चुकलं. गाव कधी एका दुपारी जबाब देतं का? लंकाला सवाल करून पायरीवर बसू दे. गावाच्या दाढ्या वाढेपर्यंत बसू दे. मग जबाब येऊ दे. तुझं सगळं रीळ चालेल." पुढं पिक्चर तसाच झाला, एकच झाला आणि पाथर्डीच्या तंबूत बरा चालला म्हणतात.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे छबूबाईच्या वावरात गेलो. जुन्या माणसांनी पावलं टाकून जुनी खूण काढली. पुंजारामनं स्वतः पहार मारली, कुणी त्याला मदत केली नाही. तो दगड रोवत होता आणि छबूबाई मोडक्या पायावर उभी राहून बघत होती, डोळ्याला पदर न लावता.

तेवढ्यात जी. नाथ धावत आला, गळ्यात छोटा कॅमेरा. "मावशी, जरा थांबा! असा सीन पुन्हा मिळायचा नाही. पुंजारामदादा, तो दगड एकदा पुन्हा उचला!"

पुंजाराम सवयीनं वाकला. छबूबाईनं पुढं होऊन त्या दगडावर पाय ठेवला.

"हात नगा लावू त्याला," ती म्हणाली. "ह्यो पिच्चरचा न्हाई."